कारभारी

कारभारी हे त्यांचं खरं नाव नाही. खरं नाव आधार कार्डावर आहे आणि ते तिथेच पडून असतं. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी एका सरकारी कचेरीत अव्वल कारकुनाची, घर जळगावात, मुक्काम पंधराव्या शतकात. संध्याकाळी घरी यायचं, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि संगणकासमोर बसून फारुकी सुलतानांचा खानदेश नीट चालावा म्हणून रात्री दीड वाजेपर्यंत खपायचं, हा त्यांचा नेम. नीट म्हणजे खऱ्यासारखा. खऱ्यासारखा म्हणजे अर्थातच अडखळत.

हे खूळ भाच्याने घरात आणलं. गोलाणी मार्केटातून त्याने मामांना एक जुना संगणक आणून दिला आणि वर 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हा खेळ भरून दिला. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा हा २०१३ सालचा खेळ. ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी तो सुरू होतो. जगातलं वाटेल ते राज्य घ्या आणि पुढची पावणेचारशे वर्षं चालवा. नकाशा सरकवता सरकवता तापीच्या काठी एक चिमुकलं राज्य आलं आणि त्यावर चक्क 'खानदेश' लिहिलेलं. कारभाऱ्यांचे डोळे भरून आले. स्वीडनच्या माणसाला खानदेश माहीत आहे! पुण्याच्या माणसाला भरितापलीकडे तो अजून सापडलेला नाही.

डोळे पाच मिनिटांत कोरडे झाले, कारण त्यांनी राज्यकारभाराचं पान उघडलं. राजाचे गुण तीन: प्रशासन, मुत्सद्देगिरी, लष्कर. प्रत्येकी शून्य ते सहा, आणि त्यांच्या हिशोबाने दरमहा गुण साठत जातात. राज्यात बेदिली माजली तर प्रशासनाचे शंभरेक गुण मोजायचे आणि बटण दाबायचं, की राज्य एका पायरीने स्थिर. कारभारी खुर्चीतून उभेच राहिले. "बटण दाबलं आणि झालं? मग फाइल कुठंय?"

तेव्हापासून त्यांनी तो खेळ खेळलेला नाही. ते तो दुरुस्त करताहेत. त्याचे नियम साध्या मजकुराच्या फायलींमध्ये लिहिलेले असतात आणि कुणालाही बदलता येतात, हे भाच्याच्या तोंडून निसटलं. असली गोष्ट अव्वल कारकुनाला सांगायची नसते.

"हुकूम सुटला, पोचला कुठे?" हे त्यांचं पालुपद. पेपरात मंत्र्याची घोषणा वाचली की हेच. शेजारच्या लग्नात आचाऱ्याला "बट्टी वाढा" असा निरोप गेला आणि बट्टी आली नाही, तरी हेच. त्यांच्या दुरुस्त खेळात सुलतानाने किल्ल्याची डागडुजी करायचा हुकूम दिला की तो आधी चिटणिसाकडे जातो, तिथून मुजुमदाराकडे, मग फडणिसाच्या टिपणात, मग देशमुख-देशपांड्यांकडे आणि शेवटी पाटलाकडे. प्रत्येक पायरीवर विलंब, गळती आणि 'प्रकृती ठीक नसल्याने' नावाची एक शक्यता. फारुक्यांकडे मराठेशाहीतला फडणीस कुठून आला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "शब्द फारसी आहे. माणूसही असेल."

दरखदार हा त्यांचा हळवा कोपरा. पेशवाईत मामलेदाराच्या हाताखाली दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस असे अधिकारी असत. पण त्यांना काढायचा अधिकार मामलेदाराला नसे आणि त्यांच्या सहीशिक्क्यावाचून त्याचा कागद पुढे सरकत नसे. सगळी यंत्रणा एकमेकांवर नजर ठेवण्यासाठी रचलेली. हे वर्णन करताना कारभाऱ्यांचा आवाज कापरा होतो. त्यांनी खेळात तो नियम घातला, आणि आनंदाच्या भरात वहिनींना समजावून सांगितला. पुढच्याच महिन्यात नवं ग्राफिक कार्ड घ्यायचा विषय निघाला. वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "तुमच्याच खेळात आहे ना, फडणिसाची सही लागते म्हणून? मग नाही देत सही." कारभारी गप्प. पण चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी पाहिलं आहे. यंत्रणा चालते याचा पुरावाच मिळाला होता.

शिवकालातही त्यांना तलवारीपेक्षा कागद जास्त भावतो. १६७० च्या अखेरीला प्रतापराव गुजर खानदेशात उतरले. तुम्हाआम्हाला इथे घोड्यांच्या टापा ऐकू येतील. कारभाऱ्यांना ऐकू येतं ते एवढंच, की गावोगावच्या पाटलांकडून चौथाई द्यायचं लिहून घेतलं. "लेखी!" ते बोट वर करून सांगतात. "आणि भरली की पावती मिळणार. ग्रँट डफने नोंदवलंय. पावती दाखवली की लूट माफ." पुढे १७१९ च्या सनदांनंतर त्या चौथाईची वाटणी ठरली, ती तर त्यांना तोंडपाठ आहे: शंभरातले पंचवीस छत्रपतींची बाबती, सहा पंतसचिवांचा साहोत्रा, तीन राजाच्या मर्जीतला नाडगौंडा, बाकी सहासष्ट सरदाराचा मोकासा. मागच्या वर्षी सासुरवाडीच्या मळ्यातून केळीचे घड आले, तर ते गल्लीत याच प्रमाणात वाटले गेले. आमच्या घराला नाडगौंडा लागला. म्हणजे अर्धी फणी. मोकाशाचा ढीग कोपऱ्यावरच्या वॉचमनकडे, कारण गल्लीत फौज म्हणावी असा तो एकटाच.

खेळ कसा जमलाय हे तपासायला माणूस लागतो, आणि तो भाचा. दिवाळीच्या सुट्टीत त्याला बसवतात. मागच्या दिवाळीत त्याने १६०० सालापर्यंत कशीबशी मजल मारली आणि अकबर असीरगडाखाली येऊन बसला. भाच्याने फौज बोलावली. हुकूम चिटणिसाकडे गेला. अकबराच्या तोफा लागल्या. हुकूम मुजुमदाराकडे गेला. फौज जमा झाली तेव्हा बुऱ्हाणपुरात मोगलांचा अंमल बसून तीन महिने झाले होते. भाचा वैतागून अहिराणीवर आला, "मामा, मी राजा शे ना?" मामा शांतपणे म्हणाले, "म्हणीसनच तुले कोणी काही सांगत नही."

असीरगडाचा वेढा म्हणजे त्यांची ठसठसती जखम. मूळ खेळात दर महिन्याला फासा पडतो आणि कधीतरी किल्ला पडतो. खरं काय झालं? बहादूरशहा फारुकी स्वतः गड उतरून अकबराच्या छावणीत गेला, तिथे अडकला. राजा शत्रूच्या तंबूत, तरी वरच्यांनी दार उघडलं नाही! गड हाती आला तो १६०१ च्या जानेवारीत. आत रोगराई पसरली म्हणून, असं दरबारी लेखक लिहितात. आत सोनं वाटलं म्हणून, असं जेझुइट पाद्री. आता हे फाशात कसं बसवायचं? कारभाऱ्यांनी किल्लेदाराची निष्ठा राजाच्या निष्ठेपासून वेगळी काढली, रोगराईचा आकडा वेगळा केला, लाचेला दोन दर ठेवले. या एका गडासाठी पूर्ण उन्हाळा गेला. जळगावचा उन्हाळा, बाहेर पंचेचाळीस, संगणकावर टेबलफॅन लावलेला आणि स्वतः घामाघूम.

धुळ्याला त्यांचे एक प्रतिस्पर्धी आहेत, निवृत्त मास्तर. मास्तरांना लढाया हव्या असतात, यांना दफ्तर. दोघांची शिखर परिषद अधूनमधून भरते, आणि ती कुठे भरावी यावर तेवढाच वेळ जातो: पारोळा धुळ्याला जवळ, एरंडोल जळगावला. शेवटी आळीपाळी ठरली, तीही लेखी. राजधानीचा वाद मात्र मिटत नाही. फारुक्यांचं पहिलं ठाणं थाळनेर, म्हणजे आजचा धुळे जिल्हा, म्हणून मास्तर मिशीला पीळ देतात. पुढची राजधानी बुऱ्हाणपूर, ते गेलं मध्य प्रदेशात. जळगावच्या वाट्याला काहीच नाही. कारभारी म्हणतात, रावेरच्या पुढे निघालं की बुऱ्हाणपूरच, ते आमचंच. खेळ १८२१ ला संपतो, तरी पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे करण्याची १९०६ ची तरतूद त्यांनी आत्ताच करून ठेवली आहे. वेळेवर धावपळ नको.

मास्तरांचे उपकार एक, त्यांनी कारभाऱ्यांना राजवाडे संशोधन मंडळात नेलं. वि. का. राजवाडे धुळ्यातच १९२६ च्या शेवटच्या दिवशी गेले, आणि पुढच्या वर्षी तिथे हे मंडळ उभं राहिलं. कारभारी त्या नादाने मोडी शिकले. जुनी पत्रं वाचताना लढाईच्या मजकुरावरून ते सर्रकन पुढे जातात. मागच्या पत्राचं उत्तर का आलं नाही अशी विचारणा दिसली, की तिथे बोट ठेवून थांबतात आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखे हसतात.

सध्या बारभाईंचं काम चालू आहे. मूळ खेळात राजा अल्पवयीन असला की आपोआप एक कारभारी मंडळ येतं, त्याला युद्ध पुकारता येत नाही, आणि राजा पंधरा वर्षांचा झाला की ते आपोआप जातं. कारभाऱ्यांचा संताप समजण्यासारखा आहे. नारायणरावांच्या खुनानंतर चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालवणारे हे बारभाई इंग्रजांशी लढले, आणि आपणहून उठून तर कुणी गेलंच नाही! हे सगळं तपासायला त्यांनी दर रविवारी आमची बैठक बोलावली आहे. बारा जमत नाहीत, सात जमतात. इतिहासातही नक्की बारा कोण हे पक्कं नाही, असं ते सांत्वन करतात. पेशवे म्हणून वरच्या मजल्यावरचं सहा महिन्यांचं बाळ आणतात, ते सभेभर झोपतं. नाना फडणीस अर्थात वहिनी. मास्तरांना राघोबादादा केलंय, म्हणून ते रुसून धुळ्यातच बसले आहेत. माझ्याकडे सखारामबापू बोकील आले. बापू दोन्ही दरडींवर पाय ठेवून असत एवढं मलाही ठाऊक आहे, तेव्हा मी मास्तरांना फोन करून ठेवला आहे. मंगळवारी पारोळ्याला भेटतोय.