राखणीचं बिल

आमच्या दोन मामांच्या वावरांमध्ये एक धुरा आहे. धुरा म्हणजे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी बांध. तेल्हारा तालुक्यात, अडगावहून सायकलनं जाता येईल इतक्या अंतरावर. लांबी साडेतीनशे पावलं. रुंदी थोरल्या मामांच्या मते चार हात असायला हवी, धाकट्यांच्या मते ती बापजाद्यांपासून दीडच होती. मधले अडीच हात गेले कुठं, हा आमच्या आजोळचा एकोणीस वर्षं चाललेला आंतरराष्ट्रीय प्रश्न आहे.

टीव्हीवर एखादा निवृत्त अधिकारी नकाशावर काठी आपटून युद्धाची कारणं सांगू लागला की मला हसू येतं. एवढा अभ्यास कशाला? उन्हाळ्यात वखरणीच्या वेळी आमच्या धुऱ्यावर येऊन बसा. वखर घेऊन येणारा गडी वळताना बैल जरासे आत घेतो आणि धुऱ्याचा एक तास कोरतो. एक तास म्हणजे वीतभर. वीतभर मातीसाठी कोण भांडतं? पुढच्या वर्षी आणखी एक वीत. समोरच्याला जाग येते तोवर तिथं तूर फुलावर आलेली असते, आणि कोरणारा छातीवर हात ठेवून म्हणतो, "आमची वहिवाट हाय."

मग शस्त्रस्पर्धा. थोरल्या मामांनी झटका मशीन बसवलं, ते निव्वळ रानडुकरं आणि रोह्यांसाठी, म्हणजे संरक्षणात्मक. धाकट्यांनी त्याहून मोठ्या बॅटरीचं आणलं, तेही संरक्षणात्मक. दोन वर्षांपूर्वी धाकट्या मामांकडं फवारणीला भाड्याचा ड्रोन आला. तो वळताना चार हात इकडं आला तर थोरले मामा रुमण्याचं लाकूड घेऊन आभाळाकडं बघत उभे. तणनाशकाचा वारा आमच्या पऱ्हाटीवर आला, असा त्यांचा आरोप. घुसखोरी नव्हे, तांत्रिक चूक, असा समोरून खुलासा. हा खुलासाही टीव्हीवर ऐकल्यासारखा वाटला.

पण या लढाईतला सगळ्यात हुशार माणूस दोन्ही मामांपैकी कुणीच नाही. तो आहे राखणदार. थोरल्या मामांनी धुऱ्यावर नजर ठेवायला एक जण ठेवला. दोन हंगाम कापसाला भाव नव्हता, त्याचा पगार थकला. तो भला माणूस, ओरडला नाही. म्हणाला, "पैशाचं राहू द्या मालक, धुऱ्याकडचं एकरभर वावर मले बटईनं द्या." दिलं. तेव्हापासून मी एक गोष्ट टिपून ठेवली आहे. दिवाळीत दोघे भाऊ जरा मऊ पडले, एकमेकांच्या पोराची चौकशी करू लागले, की दुसऱ्या दिवशी सकाळी राखणदार हजर. "काल राती धुऱ्यावर कोनीतरी बॅटरी मारत होतं बाप्पा. मी काई नाव घेत नाई."

यात मामांचा दोष नाही. हे त्या मातीतच आहे. त्याच अडगावच्या शिवारात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूला नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे स्वार, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढं वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि वॉटर्लूमुळं जगाला माहीत झाला. त्याच्या काही पलटणी भोसल्यांच्या तोफा सुरू होताच पाठ फिरवून निघाल्या होत्या. साहेबानं त्यांना स्वतः थोपवून परत उभं केलं, नाहीतर वेलिंग्टनच्या ड्यूकची गोष्ट तेल्हारा तालुक्यातच संपली असती. सोळा दिवसांनी, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला. मेळघाटच्या डोंगरांतून तोफा ओढत इंग्रज तिथवर पोचले आणि किल्लेदार बेनीसिंह लढताना मारला गेला. आज आपण चिखलदऱ्याला जातो तेव्हा त्याच गडाकडं पाठ करून भाजलेलं कणीस हातात धरतो आणि फोटो काढतो.

ही लढाई कशासाठी झाली? इतिहासाच्या पुस्तकात उत्तर आहे: वसईचा तह. होळकरांनी हडपसरला हरवल्यावर दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबर १८०२ ला इंग्रजांशी करार करून बसले. कंपनीच्या पलटणी पेशव्यांची राखण करणार आणि त्यांच्या खर्चासाठी पेशवे २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून देणार. म्हणजे राखणदारानं पगार रोखीत मागितलाच नाही. त्यानं धुऱ्याकडचं वावर मागितलं. शिंदे-भोसल्यांना हा व्यवहार मानवला नाही, आणि भावकीतल्या भांडणाची लढाई अडगावात आली. अडगावातल्या कोणाला वसईचा तह वाचायला दिला होता, याची नोंद सापडत नाही.

१७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून गेला तो निजामाकडं, कारण निजाम कंपनीच्या बाजूनं होता. निजामाला वाटलं, फुकटात वावर मिळालं. फुकटात काही मिळालं की शहाण्या माणसानं पावती मागावी. निजामानं मागितली नाही.

त्याच्या राखणीला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचं एक सैन्य होतं, हैदराबाद कंटिंजंट. अधिकारी इंग्रजांचे, हुकूम इंग्रजांचे, खर्च निजामाचा. खर्च थकला. लिहून ठेवणारे कंपनीचेच कारकून असल्यामुळं थकबाकी भराभर वाढली. अखेर १८५३ मध्ये डलहौसीनं बिल पुढं ठेवलं, आणि अख्खा वऱ्हाड कंटिंजंटच्या खर्चापोटी कंपनीच्या ताब्यात गेला. अमरावती, अकोला, एलिचपूर, सगळं. निजामाला शत्रूनं नव्हे, राखणदारानं लुबाडलं. गोळी एक सुटली नाही. मामांच्या राखणदारानं इतिहास वाचलेला नाही, पण कंपनीनं तरी कुठं तेल्हाऱ्याचा राखणदार पाहिला होता? काही धंदे माणसाला शिकवावे लागत नाहीत.

गंमत पुढंच आहे. १९०२ मध्ये कर्झननं वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतला, वर्षाला २५ लाख रुपये खंड. १९०३ मध्ये कंटिंजंट इंग्रजांच्या फौजेत विलीन झालं. म्हणजे ज्याच्या पगारासाठी वावर गहाण पडलं, तो राखणदार नोकरी सोडून गेला आणि वावर मात्र त्याच्या मालकाकडंच राहिलं. निजामाच्या दुखऱ्या मनावर फुंकर म्हणून १९३६ मध्ये त्याच्या युवराजाला किताब मिळाला: प्रिन्स ऑफ बेरार. वऱ्हाड नसलेला वऱ्हाडचा राजपुत्र. सातबाऱ्यावर नाव निजामाचं, पीक दुसऱ्याच्या घरात.

आपण वऱ्हाडी तरी मोठे साजूक होतो असं नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत भावाभावांत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी बसल्या आणि त्यांना आपली आठवण झाली. वऱ्हाडात भाव असे चढले की कोणी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. तिकडं माणसं मरत होती, इकडं गोठ-पाटल्या घडत होत्या. १८६५ ला लढाई संपली, भाव कोसळला, आणि चांदीच्या धावा सावकाराच्या दारात जाऊन पडल्या. जगाच्या इतिहासात शांतता झाली म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या प्रदेशांत आपलंही नाव आहे.

आता कोणी म्हणेल, ही सगळी जुनी रडगाणी. तर नवं ऐका. १९९४ मध्ये युक्रेननं आपली अण्वस्त्रं सोडून दिली, तेव्हा हद्दीला हात लावणार नाही असा शब्द रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी दिला होता. २०१४ मध्ये रशियानं एक तास कोरला, क्रिमिया. २०२२ मध्ये वखर थेट गावात घातली. राखणीला अमेरिका धावली. मग अमेरिकेत मालक बदलला आणि बिलाची भाषा सुरू झाली. केलेल्या मदतीची भरपाई द्या, असा पहिला सूर. अखेर ३० एप्रिल २०२५ ला करार झाला: युक्रेनच्या जमिनीखालच्या खनिजांच्या नव्या परवान्यांतून येणाऱ्या उत्पन्नाचा वाटा दोघांच्या सामाईक निधीत. वाचून मला कंटिंजंटच आठवलं. बातमीत फक्त वऱ्हाडचं नाव नव्हतं.

नव्हतं म्हणावं तर तेही खरं नाही. भारत रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेनं आपल्या मालावर जादा २५ टक्के कर लावला, आणि २७ ऑगस्ट २०२५ पासून एकूण कर ५० टक्के झाला. कापडवाले अडचणीत आले. त्यांना दिलासा म्हणून केंद्रानं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केलं. नेमका तेव्हाच वऱ्हाडातला कापूस वेचणीला आला. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, आणि व्यापाऱ्याच्या तोंडी त्याहून खालचा आकडा. अकोटच्या यार्डात गाडीवर बसलेल्या थोरल्या मामांनी मला फोन केला. "काहून रे बाबू, थो युक्रेन अकोल्याच्या कोन्या बाजूनं येते?" मी म्हणालो, मामा, तो येत नाही. त्याचं बिल येतं.

आता उपाय. महाराष्ट्रानं तो १५ ऑगस्ट २००७ लाच शोधला: महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. तेव्हा गृहमंत्री होते आर. आर. पाटील. गावातले तंटे गावातच मिटवा आणि बक्षीस घ्या. आमच्या आजोळच्या समितीनं मामांच्या धुऱ्यावर सात बैठका घेतल्या. प्रत्येक बैठकीत चहा झाला. जगाचीही अशी एक समिती आहे, १९४५ मध्ये स्थापन झालेली. ती न्यूयॉर्कात बसते. तिचे पाच सभासद कायमचे, पाचही शस्त्रं विकणाऱ्या बड्या देशांतले, आणि एकानं मान हलवली की ठराव बारगळतो. २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरचा ठराव आला, तेव्हा त्या महिन्याचं अध्यक्षपद रशियाकडंच होतं. धुरा कोरणाराच बैठकीचा अध्यक्ष. गाझातल्या शस्त्रसंधीचे ठराव अमेरिकेनं पुन्हा पुन्हा अडवले. आमची समिती निदान चहा तरी पाजते.

२०२४ या एका वर्षात जगानं सैन्यावर २.७ लाख कोटी डॉलर खर्च केल्याचा स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा हिशेब आहे. एवढा पगार घेणारा राखणदार धुऱ्यावर सगळं शांत आहे, असं कधी सांगेल का?

मामांचा तंटा अजून मिटलेला नाही, पण गेल्या अक्षय्य तृतीयेला त्याला जरा खरचटलं. या एकोणीस वर्षांत दोन्ही मामींचं जाणं-येणं कधी थांबलं नव्हतं. तुरीच्या शेंगा, अंबाडी, हिरवी मिरची, जे निघेल त्याचा वानोळा त्याच धुऱ्यावरून इकडून तिकडं जात होता. झटका मशीनचं बटण बंद करून, पुन्हा चालू करून. 

त्या दिवशी पुरण वाटून झाल्यावर थोरल्या मामी जुन्या कॅलेंडरची पाठ घेऊन बसल्या. वाद असलेली जमीन जेमतेम तीन गुंठे. तीन गुंठ्यांत कापूस वर्षाला पन्नास किलो. त्याचे किती झाले ते एका बाजूला. दुसऱ्या बाजूला दोन वेळची मोजणी, वकील, अकोटच्या तारखा, तारखेच्या दिवशीचा नाश्ता, मशीन, बॅटरी, राखणदाराला बटईनं दिलेल्या एकराचं तीन वर्षांचं पीक. दुसरी बाजू पानाच्या बाहेर गेली, तेव्हा पुढचा महिना घेतला.

मामांनी कागद बघितला, खाली ठेवला. "पैशाचा सवाल नाई. इज्जतीचा हाय."

"बरं," मामी म्हणाल्या. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "मंग इज्जत कोन्या खात्यात मांडू? तुमच्या का माह्या?"

मामा काही बोलले नाहीत. उठून अंगणात गेले. राखणदार फाटकाशी उभाच होता, काल राती म्हणे धुऱ्यावर कोणीतरी होतं. मामांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच विचारलं, "तुयी बटई कवा संपते रे?"