रोबोटभाऊ

कारंज्यात बहुतेकांची चिंता सोयाबीन आणि तुरीच्या भावाची. आमच्या रोबोटभाऊंची चिंता यंत्राच्या मनाची. चाकं आणि मोटारी पुण्यातली पोरं पाहतात. माणसांत वावरणाऱ्या यंत्रानं काय लक्षात ठेवायचं, कधी बोलायचं, कधी गप्प राहायचं, हा आराखडा भाऊ घरी बसून करतात. "दिवसभर चौकोन काढत रायते थो," असं त्यांची आई सांगते.

खोटं नाही. एक चौकोन तात्पुरत्या आठवणींचा, एक घडलेल्या प्रसंगांचा, एक सवयींचा. मधे बाणच बाण. लेअर्ड, न्यूवेल आणि रोझेनब्लूम यांच्या 1983 पासूनच्या ‘सोर’ या आराखड्याचं नाव निघालं की भाऊ डोळे मिटतात. त्यात नियम अपुरे पडून यंत्र अडलं, की ती अडचण सोडवणं हेच त्याचं नवं काम होतं आणि सापडलेलं उत्तर नवा नियम म्हणून साठतं. एमआयटीत सिंथिया ब्रेझील यांनी केलेलं ‘किस्मेट’ म्हणजे भुवया-कान हलवणारं नुसतं मुंडकं. त्याला माणसांची ओढ, खेळण्यांची ओढ, आणि फार झालं की झोप. भाऊंचे वडील म्हणतात, एवढं तर मी रोज जेवण झाल्यावर करून दाखवतो.

भाऊंची खोड एकच. समोरचा माणूस त्यांना नमुना वाटतो. "तुम्ही आता मान हलवली, ती पटलं म्हणून की नुसतं ऐकतोय म्हणून?" हे त्यांनी एकाला अंत्ययात्रेत विचारलं होतं.

दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येतं का, हे पाहणारी 1985 ची एक प्रसिद्ध चाचणी आहे. भाऊंनी ती भाचीवर केली. सॅलीनं गोटी टोपलीत ठेवली, ती बाहेर गेली, ॲननं गोटी डब्यात लपवली. आता सॅली कुठं शोधेल? अपेक्षित उत्तर टोपली. भाची म्हणाली, "मामा, थे पयले ॲनच्या झिंज्या धरीन." हे उत्तर कोणत्या चौकोनात घालावं, यावर भाऊंचा आठवडा गेला.

खरी गाडी अडली ती पाहुणचारात. पाहुणा ‘नाही’ म्हणाला तर बशी उचलायची, हा पहिला नियम. भाऊंनी तो स्वतःच पाळून पाहिला आणि एक मावसकाका उपाशी, रागावून गेले. मग नियम झाला: तीनदा ‘नाही’ झाल्याशिवाय मानू नये. त्यात साखरेचा आजार असलेल्या एका गृहस्थांच्या पोटात बळजबरीनं शिरा गेला. आता तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहायचं ठरलंय: बशीवर आडवा धरला तर नाही, बशीखाली धरला तर हो. भाऊंच्या आईंना हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

गुरुमंदिरात दर्शनाला आलात तर भाऊंकडे जरूर जा. चहा विचारला की पहिल्याच खेपेला ‘हो’ म्हणा. ‘नाही’ म्हणालात तर वही निघेल, चहा नाही.