ठेकेदार शेठ, वर्गणीबद्दल आभार

ठेकेदार शेठ यांस,


यंदाही आमच्या मंडईत नाटकाच्या पत्रकावर सौजन्य म्हणून तुमचंच नाव सगळ्यात मोठ्या अक्षरांत होतं. वर्गणी तुमची, मंडप तुमचा, पुढच्या रांगेतली पहिली खुर्चीही तुमचीच. पडदा वर जायच्या आधी तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि गावानं टाळ्या वाजवल्या. गावातून एवढं लाकूड नेणारा माणूस त्यातलं चिमूटभर परत देतो, हे सगळ्याच गावांच्या नशिबी नसतं. म्हणून हे आभाराचं पत्र.

पहिले आभार तुमच्या हातसफाईचे. शेताच्या बांधावरचा, धुऱ्यावरचा मोह तुम्ही हेरता तो बरोबर मे महिन्यात, जेव्हा कास्तकाराला बियाण्याला नाहीतर पोरीच्या लग्नाला पैसा हवा असतो. हातावर चार नोटा ठेवायच्या, सकाळी कटर मशीन आणायची. जेवणवेळेपर्यंत आजोबाच्या काळचं झाड आडवं झालेलं असतं, तुकड्यांवर खडूनं आकडे पडलेले असतात. सांजेला थुटावर माती सारायची, वरून तणस टाकून पेटवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी तिथं झाड होतं की उकिरडा, ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्यात मोह, ऐन, बिजा अशी झाडांची यादीच आहे. परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. पण तुमच्या ट्रकात चढला की मोह बाभूळ होतो, हिरवं ते वाळलेलं होतं आणि सगळ्यावर मिळून एकच शब्द लागतो, ‘आडजात’. असा कायापालट कुठल्या बाबालाही जमलेला नाही.

सरकारचीही तुम्हाला साथ राहिली. 2021 पर्यंत मोहफुलं साठवायला, इकडून तिकडे न्यायला दारूबंदी कायद्याचे निर्बंध होते. टोपलीभर फुलं घेऊन बाजाराला निघालेली बाई पोलीस दिसला की रस्ता बदलायची. तुमचा ट्रक मात्र त्याच रस्त्यानं, त्याच झाडाचं अख्खं खोड घेऊन, हॉर्न वाजवत जायचा.

त्या बाईचंच पुढं सांगतो, कारण तुमच्या हिशेबात ती कुठंच नाही. धुऱ्यावर मोह होता तोवर मार्च-एप्रिलच्या पहाटे ती घरापासून हाकेच्या अंतरावर फुलं वेचायची. पोरगं झोळीत, चूल पेटायच्या आत परत. आता धुरा उघडा पडला. मोहफुलांसाठी, सरपणासाठी, पावसाळ्यात सात्यांसाठी म्हणजे अळंब्यांसाठी तिला जंगलात आत, आणखी आत जावं लागतं. आणि आत वाघ आहे. सीटी-1 नावाच्या वाघानं गडचिरोली, चंद्रपूर आणि आपल्या भंडारा जिल्ह्यात मिळून 13 माणसं मारली, त्यात लाखांदूर तालुक्यातलीही होती. 13 ऑक्टोबर 2022 ला वडसा भागात त्याला बेशुद्ध करून पकडलं. वाघाला पिंजरा मिळाला. बाईला जंगलाच्या तोंडाशी ज्यानं आणून सोडलं, त्याला शाल-श्रीफळ. वाघाच्या बंदोबस्तासाठी रास्ता रोको झाला तर त्यातही तुम्ही पुढं असता, हा तुमचा मोठेपणा.

वाघाचीही सोय तुम्ही पाहिलीत. नागझिऱ्याचा ‘जय’ वाघ 2013 मध्ये पवनीकडच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोचला. मधे महामार्ग, गावं, शेतं आणि वैनगंगा. त्याच वर्षी कोका अभयारण्य जाहीर झालं आणि पाठोपाठ नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही. पण कोणताही वाघ अभयारण्यांच्या नकाशावरून चालत नाही. तो चालतो ओढ्याकाठच्या झाडोऱ्यातून, टेकडीवरच्या काटवनातून, धुऱ्यांच्या सावलीतून. म्हणजे तुम्ही ज्याला ‘फालतू जागा’ म्हणता, नेमकं तिथून. एप्रिल 2016 नंतर जय कुणाला दिसला नाही. त्याचं पाप तुमच्या माथी मारत नाही. वाट मोडण्याचं श्रेय मात्र तुम्हाला द्यायलाच हवं.

आता तलाव. आपल्याकडचे मालगुजारी तलाव कोहळी लोकांनी बांधले. वरच्या टेकडीवर झाडं, झाडांखालून झिरपत येणारं पाणी, खाली तलाव आणि तलावाखाली धानाच्या बांध्या, असं सगळं एकाला एक धरून होतं. टेकडी तुम्ही मोकळी केली. आता पहिल्याच मोठ्या पावसात लाल माती थेट तलावात उतरते. पाणी एका दिवसात येतं, सांडव्यावरून निघूनही जातं आणि धानाचे परे रोवायच्या वेळी इंजिन लावावं लागतं. पण घाबरायचं कारण नाही. तलावांतला गाळ काढायची सरकारी योजना आहेच आणि त्या कामावर ज्या जेसीबी येतात त्यांतल्या दोन तुमच्याच. वर माती सोडायचे पैसे, खाली ती उचलायचे पैसे. धंदा असा असावा.

आंधळगावच्या कोशाच्या साडीचं तुम्ही कौतुक करता. घरच्या लग्नांत अहेराला तीच देता. कोशाची अळी ऐनाच्या आणि अर्जुनाच्या पानांवर वाढते, एवढंच जाता जाता सांगून ठेवतो.

एका बाबतीत मात्र तुमच्यासाठी वाईट वाटतं. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगलं हे वनच, असा निकाल दिला. आपला भंडारा त्यात आहे. सगळं मिळून 86 हजार हेक्टरांच्या वर. ज्या जागेला तुम्ही इतकी वर्षं बेवारशी समजत होतात, तिला वारस निघाला. धीर धरा, निकालाची अंमलबजावणी याच गावांत व्हायची आहे, जिथं तुमचा सत्कार होतो.

आम्ही गावकरी काही संत नाही. मोह वेचण्याआधी पाचोळा पेटवून देणारे आमच्यातच आहेत आणि ती आग जंगलात शिरते. चार नोटा घेणारे हातही आमचेच. मशीन तुमची असली तरी धुरा दाखवायला कुणी तरी गावचाच येतो.

म्हणून शेवटचे चार शब्द शेठ, तुम्हाला नाही, त्याला. भाऊ, धुऱ्यावरचं झाड विकायची वेळ आलीच तर आधी परवानगीचा कागद बघ, त्यावरचं झाड आणि धुऱ्यावरचं झाड एकच आहे का तेही बघ. येत्या ग्रामसभेत हा विषय काढ. वनहक्क कायद्यानं वनहक्कधारकांना आणि त्यांच्या ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार 2006 मध्येच दिला आहे. आणि रात्री लाकडाचा ट्रॅक्टर दिसला तर वनविभागाचा नंबर आहे, 1926.

आपला,
धुऱ्याशेजारचा एक कास्तकार