येऊ द्या, येऊ द्या

सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला आमच्या वॅगनआरचा रंग लागलाय आणि वॅगनआरला खांबाचा. सतरा-अठरा वर्षांची देवाणघेवाण आहे. यंदा मात्र लेकीने ठणकावलं, "बाबा, एकतर गाडी विका, नाहीतर मागे कॅमेरा बसवा."

गाडी २००७ सालची. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे हल्लीच्या गाड्या जन्मतःच टीं-टीं करत येतात. आमच्या गाडीचे सेन्सर म्हणजे वॉचमनकाका. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस!" आणि डिकीवर दोन थापा. त्यांचं 'बस' नेहमी वीतभर उशिरा यायचं. पण खांबाचं सगळं श्रेय मी त्यांना एकट्याला देणार नाही.

नाना पेठेतून कॅमेरा आणला, शिवाय आरशावर चढवायचा छोटा स्क्रीन. मिस्त्री म्हणाला, "रिव्हर्स टाकली की मागचा पांढरा दिवा लागतो ना, त्याच दिव्याची लाइन कॅमेऱ्याला द्यायची. रिव्हर्स टाकली की जागा, काढली की झोपला." अशी नोकरी मला उभ्या जन्मात मिळाली नाही.

खरी मेहनत वायर पुढे आणण्यात. पिवळ्या पिनेची ती लांबलचक वायर डिकीच्या दारातल्या रबरी नळीतून ओवायची आणि दरवाज्यांच्या खालच्या पट्ट्यांआडून डॅशबोर्डापर्यंत न्यायची. त्याने एकेक पट्टी उचकटली तसा ऐवज निघू लागला. लिमलेटच्या गोळीचा चिकट कागद. लेकीची लाल टिकटिक पिन, तिला अजून दोन केस अडकलेले. खेड शिवापूरच्या टोलची पावती, आकडे कधीच उडून गेलेले. मिस्त्री सगळं झाडूने लोटणार होता. मी पिन तेवढी खिशात टाकली.

अशा बऱ्याच कॅमेऱ्यांच्या वायरीला दोन छोटे फास असतात. एक कापला की चित्र डाव्याचं उजवं होतं, दुसरा कापला की हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा जातात. आमचा मिस्त्री चित्र सुलटं करायला गेला आणि त्याने रेषाच उडवल्या. मग दुसराही कापला. मी फार मनाला लावून घेतलं नाही. त्या रेषांना ना आमच्या बंपरची उंची ठाऊक, ना स्टिअरिंग किती वळवलंय ते. नुसत्या रंगीत.

घरी आलो, रिव्हर्स टाकली. स्क्रीनवर आधी निळा पडदा आणि मग वॉचमनकाका! पसरट भिंगामुळे पोट गाडीएवढं, डोकं लिंबाएवढं, आणि दोन्ही हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या." खांब त्यांच्या बरोब्बर मागे. मी काच खाली करून ओरडलो, "काका, बाजूला व्हा, काही दिसत नाही!" काका दुखावले. दोन दिवस मला सलाम नव्हता.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. नंबरप्लेटवरचा तो बटणाएवढा डोळा चिखलाने लिंपला गेला आणि स्क्रीनवर नुसता काला. मी गुमान काच खाली केली.

हल्ली काका आधी अंगठ्याने भिंग पुसतात, मग दोन पावलं बाजूला होतात आणि मग म्हणतात, "येऊ द्या."

'बस' अजूनही वीतभर उशिराच येतं.