पंचविशीतल्या पोराला घरी पाठवू नका

चढाई एकट्यानं शिकता येते. पकड एकट्यानं शिकता येत नाही. तरुण संघ का हरतात, याचं अर्धं उत्तर एवढ्यात आहे, आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यात नेमकं याच गोष्टीकडं कुणी बघत नाही.

पोरगा अंगणात रेघ आखून दम धरून एकटा पायाची चपळाई वाढवू शकतो. बास्केटबॉलच्या रिंगखाली संध्याकाळभर एकटाच चेंडू टाकत राहिला, तर महिन्या-दोन महिन्यांत नेम सुधारतो. पण बचाव हा कबड्डीत सातांचा आणि बास्केटबॉलमध्ये पाचांचा असतो. शेजारचा कधी सरकणार हे कळल्याशिवाय आपण कुठं उभं राहायचं हेच ठरत नाही. आणि ते सांगायला शेजारी असा कुणीतरी लागतो, ज्यानं हे शेकडो वेळा पाहिलंय.

आपण काय करतो? शालेय स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे. स्पर्धेसाठी ते बरोबरच आहे, मोठ्या पोरांनी लहानांना चिरडू नये. पण सरावाचे गटही आपण तसेच पाडले. चौदा वर्षांचा पोरगा चौदाच्याच पोरांत खेळतो, त्यांच्याच चुका शिकतो आणि त्या घेऊन सतराखालच्या गटात जातो. एकोणिसाव्या वर्षी शाळेचा खेळ संपतो. पुढं कॉलेज असेल तर अमरावती विद्यापीठाच्या स्पर्धा. मग पोलीस भरती. जो पोरगा उत्तम डावा कोपरा सांभाळायचा, तो पहाटे उठून 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेकीच्या मागं लागतो. त्याला दोष कोण देणार? घर चालवायचंय. भरती झाली तर तो बदलीच्या गावी जातो, नाही झाली तर पुण्याला कंपनीत. आणि जो गावातच राहतो, तो संध्याकाळी मैदानाकडं वळला की कट्ट्यावरचे विचारतात, ‘आता काय पोरांत खेळतो?’

या एका वाक्यानं आपल्या खेळाचं जेवढं नुकसान केलं, तेवढं मैदानाच्या कमतरतेनंही केलं नसेल. पोरांतच खेळायला पाहिजे त्यानं. नव्या गोऱ्ह्याला जुन्या बैलाशेजारी जुंपतात, हे कास्तकाराच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. मैदानावर आलं की आपण ते का विसरतो?

नवखा कोपरारक्षक कसा बाद होतो ते बघा. चढाईपटू बोनस रेषेजवळ पाय टाकून खुणावतो. पोराला घोटा दिसतो, हात सळसळतात आणि तो झेपावतो. बाकीचे अजून एक पाऊल मागं असतात. चढाईपटू पाय सोडवतो, जाता जाता मदतीला धावलेल्या आणखी एकाला शिवतो, आणि एका घाईपायी दोन जण बाहेर. प्रशिक्षक मैदानाबाहेरून ओरडतो, पण तोवर चढाईपटू मध्यरेषेपार गेलेला असतो. बाहेरचा आवाज उशिराच पोचतो. याच पोराचा हात धरून शेजारी जुना खेळाडू उभा असला, तर तो तळहात दाबून त्याला रोखतो. तोंडानं बोलायचीही गरज पडत नाही. ‘थांब, त्याला अजून आत येऊ दे’ हे त्या दाबातच असतं. मग ‘तिसरी आहे’ अशी हाक देतो, म्हणजे आता चढाईपटूला गुण घ्यावाच लागणार, तोच धोका पत्करेल, आपण नाही. असं दहा सामन्यांत झालं की अकराव्या सामन्यात पोरगा आपला आपण थांबतो.

व्यावसायिक खेळातही हेच दिसलं. 2022 मध्ये पुणेरी पलटणनं इराणच्या फझल अत्राचलीवर 1 कोटी 38 लाख रुपये मोजले. प्रो कबड्डीत पकडीचे सर्वाधिक गुण मिळवणारा हा बचावपटू, वय तेव्हा तिशीचं. भोवती संकेत सावंत, गौरव खत्री, अबिनेश नादराजन अशी तरुण बचावफळी आणि चढाईला आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. त्या वर्षी पलटण पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचली आणि 17 डिसेंबर 2022 ला जयपूरकडून 33-29 अशी हरली. पुढच्या हंगामात फझल गुजरातकडं गेला. पलटणनं त्याच्याच देशाचा, वयानं लहान मोहम्मदरेझा शादलुई घेतला. संकेत, गौरव, अबिनेश तिथंच होते. अस्लम कर्णधार झाला. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 हरवून पलटणनं पहिलं विजेतेपद घेतलं. गुणफलक बघा: चाळीस मिनिटांच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला पंचविसावर रोखलं. श्रेय एकट्या फझलचं नाही. दोन्ही हंगामांत प्रशिक्षक बी. सी. रमेश होते, आणि शादलुईची ताकद सगळ्यांनी पाहिली. पण जे तिघं आदल्या वर्षी तिशीतल्या माणसाशेजारी उभं राहून थांबायला शिकले, तेच दुसऱ्या वर्षी थांबले. मला हे योगायोगाचं वाटत नाही.

बास्केटबॉलचं उदाहरण आणखी ठळक आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन रॉकेट्स संघात 2022-23 मध्ये विशीतल्या पोरांचा भरणा होता. गुणवत्ता ओसंडत होती, उंच उड्या, लांबून नेम, सगळं. 82 सामन्यांत जिंकले 22, हरले 60. त्या उन्हाळ्यात इमे उडोका प्रशिक्षक म्हणून आले आणि संघानं काही अनुभवी माणसं घेतली. टोरंटोबरोबर 2019 चं विजेतेपद जिंकलेला फ्रेड व्हॅनव्हलीट. नुकताच लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या यादीत आलेला डिलन ब्रूक्स. आणि सदतिशीला टेकलेला जेफ ग्रीन, जो काही आठवड्यांपूर्वीच डेन्व्हरकडून विजेता झाला होता. पोरं बहुतांशी तीच राहिली. पुढच्या हंगामात 41 विजय, 41 पराभव. त्याच्या पुढच्या हंगामात 52 विजय. सगळ्यांत मोठा फरक पडला तो बचावात. तळाच्या संघांतला बचाव वरच्या संघांत येऊन बसला.

व्हॅनव्हलीट हा त्या खेळाच्या मानानं बुटका, जेमतेम सहा फुटांचा. तो कुणाच्या डोक्यावरून चेंडू अडवणार? तरुण खेळाडूची नजर चेंडूवर खिळलेली असते. आपला माणूस पाठीमागून कधी सटकला, हे त्याला चेंडू रिंगमधून खाली पडल्यावर कळतं. समोरच्या संघाचा खेळाडू भिंतीसारखा आडवा उभा राहून वाट अडवतो, त्याला स्क्रीन म्हणतात, आणि तो पाठीमागून येतो म्हणून दिसत नाही. ज्याला तो दिसतो त्यानं ‘डावीकडं स्क्रीन’ म्हणून सांगायचं, माणसं बदलायची असतील तर ‘स्विच’ म्हणायचं, आणि हे चेंडू येण्याआधी म्हणायचं. शाळेतला कुठलाही सामना ऐका. हल्ला करताना सगळे ओरडतात, ‘इकडं दे, इकडं दे’. बचावाला लागले की मैदान गप्प. पोरं भित्री नसतात. पुढं काय होणार हे त्यांना अजून दिसतच नसतं, मग बोलणार काय? जुन्या खेळाडूला ते दिसतं, म्हणून तो बोलतो. आणि हात मारून चेंडू हिसकावण्याचा मोह तोच आवरायला लावतो, कारण पाच फाउल झाले की आपला चांगला खेळाडू बाकावर जाऊन बसतो आणि उरलेला सामना नुसता बघतो.

यात आणखी एक अडचण आहे, आणि ती निवड करणाऱ्यांनी मनावर घ्यावी. या आवाजाची नोंद कुठल्याच गुणपत्रकात होत नाही. कबड्डीत पकड ज्यानं आधी धरली त्याच्या नावावर गुण जातो, साखळीत मागून येऊन दाबणाऱ्याच्या नावावर नाही. बास्केटबॉलमध्ये बास्केट मोजतात, रिबाउंड मोजतात, ओरडून सावध करणं मोजत नाहीत. मग निवड चाचणीत चढाईवाला चमकतो, प्रमाणपत्र त्याला मिळतं, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण यांची वाट तिथूनच जाते. पालकही पोराला चढाईच शिकवा म्हणतात. त्यांचं चुकत नाही. पण निवड समितीत बसणाऱ्यानं तरी एक सामना डोळे मिटून ऐकावा. कोण बोलतोय ते कळेल.

आपल्या जिल्ह्यात याची चांगली बाजूही आहे, आणि ती तिरंदाजीत आहे. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषकात जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माइक श्लोसरला 149-148 असं हरवलं, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडच्या पुरुष संघानं दक्षिण कोरियाला 235-230 हरवून सुवर्ण जिंकलं. संघात तिघं: आपला प्रथमेश, नागपूरचा ओजस देवतळे आणि दिल्लीचा अभिषेक वर्मा. ही दोन्ही पोरं विशीच्या उंबरठ्यावरची आणि पहिल्याच आशियाई स्पर्धेत. वर्मा चौतिशीचा. 2014 ला इंचॉनमध्ये त्यानं संघाचं सुवर्ण जिंकलेलं, 2018 ला जकार्तात याच कोरियाकडून अंतिम फेरीत बरोबरीनंतरच्या निर्णायक बाणांवर सुवर्ण हुकलेलं. तिघांनी मिळून दोन मिनिटांत सहा बाण सोडायचे, एक जण रेषेवर, दोघं मागं उभे. तिरंदाजीत अडवायला समोर कुणी नसतं, हे मान्य. पण एक बाण नऊवर गेला की दुसराही जाऊ न देणं हा बचावच आहे, आणि तो कोरियापुढं करायचा असतो. 240 पैकी 235, म्हणजे चोवीस बाणांत पाचच गुण सुटले. कोरियाकडून हरणं काय असतं आणि जिंकणं काय असतं, हे दोन्ही सोसलेला माणूस त्या तिघांत होता, याला मी मोठं महत्त्व देतो. दोनच दिवसांनी वैयक्तिक अंतिम सामन्यात ओजसनं याच वर्माला हरवून सुवर्ण नेलं. जुना खेळाडू संघात ठेवला की नव्याची जागा अडते, असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल पाठ करावा.

आणि नोकरी लागली की खेळ संपतो असं म्हणणाऱ्यांसाठी बुलढाणा पोलीस दलातली मोनाली जाधव आहे. खाकी अंगावर असताना तिनं 2019 मध्ये चीनमधल्या चेंगदूला जागतिक पोलीस स्पर्धेत तिरंदाजीचं सुवर्ण जिंकलं.

जुना खेळाडू आणायचा तर कुठलाही आणू नका, हेही सांगतो. काही जण मैदानावर येतात ते आपल्या जमान्याच्या गोष्टी सांगायला. पोरानं चूक केली की शिवी हासडतात, स्वतः बचावाला मागं पळत नाहीत. असा माणूस पोरांचं बोलणं उलट बंद करतो. जो स्वतः धापा टाकत परत मागं येतो आणि चुकलेल्या पोराला पुढच्या चढाईआधी एक वाक्य सांगतो, तो आणा. असे प्रत्येक तालुक्यात निघतील. तेरा तालुके आहेत आपले, मलकापूर-नांदुऱ्यापासून लोणार-सिंदखेडराजापर्यंत. प्रत्येक शाळेच्या जुन्या पटावर त्यांची नावं आहेत. कुणी शिक्षक झालाय, कुणाचं कृषी केंद्र आहे, कुणी एसटीत आहे, कुणी खामगावच्या बाजारात अडतीवर बसतो.

खर्च फारसा नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सतराखालच्या पोरांत दोन जुने खेळाडू मिसळून खेळवायचे, दोन्ही संघांत एकेक. मुलींच्या संघात तर हे आणखी गरजेचं, कारण लग्नानंतर मैदानावर परतणारी बाई आपल्याकडं क्वचितच दिसते, आणि मुलींना शेजारी उभी राहणारी ताई मिळतच नाही. तालुका क्रीडा संकुलाचं फाटक त्या वेळी उघडं असावं, चाव्या कुणाच्या खिशात आहेत हे शोधत फिरावं लागू नये. गावच्या मंडळांनी खुल्या स्पर्धा भरवताना संघात निदान दोन खेळाडू एकोणिसाखालचे आणि दोन पंचविशीवरचे असा नियम घालून बघावा. बक्षिसाच्या रकमेतून थोडी काढून ‘उत्तम साथ देणारा बचावपटू’ म्हणून एक बक्षीस ठेवावं, आणि ते चढाईच्या बक्षिसाएवढंच ठेवावं.

क्रीडाशिक्षकांनो, या आठवड्यात तुमच्या शाळेच्या जुन्या संघांतली दोन नावं काढा आणि त्यांना फोन करा. आणि पुण्या-मुंबईहून दिवाळीला गावी येणाऱ्यांनो, बॅगेत बूट टाका. चार दिवस सुटी असेल, त्यातल्या दोन संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जा, पोरांच्या संघात शिरा, कोपऱ्यात उभे राहा, शेजारच्याचा हात धरा आणि बोला.