दाजींचा डावा पाय

दाजी एसटीतून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्या डाव्या पायापर्यंत अजून पोचलेली नाही. कुठल्याही गाडीत कुठंही बसवा, चढ लागला की तो पाय आपोआप उचलला जातो आणि नसलेला क्लच दाबतो. तेहतीस वर्षांची नोकरी, त्यातली बरीचशी महाबळेश्वर-पोलादपूरच्या आंबेनळी घाटात. पायाला तरी किती दोष देणार? एकदा लग्नाच्या पंगतीत वाढपी आमटीची भरलेली बादली घेऊन जिना चढत होता, तेव्हाही तो पाय हललेला मी पाहिला आहे.

त्यामुळे डेन्व्हरहून भाच्याचा फोन आला, "मामा, तुम्ही तिघंही या, मी पिकअप घेतलाय, डोंगरात फिरू. ऑटोमॅटिक आहे, अण्णांना काही करायलाच नको," तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. ज्या माणसाला काही करायला नको असतं तो काय काय करतो, हे मी ताईच्या घरी नऊ वर्षं बघतोय.

आपल्याकडे पिकअप म्हणजे मागे कोबीची पोती आणि पोत्यांवर झोपलेला एक माणूस. अमेरिकेत पिकअपचा हौदा रिकामा असतो आणि रविवारी धुतला जातो. भाचा दिवसभर संगणकापुढे बसतो. त्याच्या हौद्यातून आजवर गेलेली सगळ्यात अवजड वस्तू म्हणजे सत्यनारायणाचा चौरंग. गाडी वीस वर्षं जुनी, चाललेली एक लाख साठ हजार मैल. विकणाऱ्याने सांगितलं होतं, 'गिअरबॉक्स नुकताच उघडून नवा केलाय.' मुलगी गृहकृत्यदक्ष आहे, त्या चालीवर.

"का करावा लागला, ते इचारलंस का?" दाजींचा पहिला प्रश्न.

भाच्याने विचारलं नव्हतं. उत्तर दोन महिन्यांनी आपण होऊन आलं. प्रथम गाडीचा रिव्हर्स गेला. तीन आठवडे हा मुलगा गाडी उभी करायला चढाच्या जागा शोधत हिंडला, म्हणजे निघताना ती आपल्याच वजनाने मागे यावी. मग तो दुरुस्त झाला तर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतंच बोंबलायचं आणि गाडी जागच्या जागी विचार करत बसायची. तेही दुरुस्त झालं. दोन गॅरेजं झाली, दोन बिलं झाली. मेकॅनिकांची मतं वेगवेगळी होती, पण आधीच्या माणसाने घाण करून ठेवलीय यावर दोघांचंही एकमत होतं.

आम्ही डेन्व्हरला पोचलो, तर आता ही ऑटोमॅटिक पेटी चालते कशी, हे दाजींना समजून घ्यायचं होतं. भाच्याने त्यासाठी घरातले दोन टेबलफॅन समोरासमोर मांडले. एक चालू केला, दुसऱ्याची पिन काढलेली. थोड्या वेळाने दुसऱ्याची पातीही वाऱ्याने फिरू लागली. "इंजिन म्हणजे हा चालू पंखा आणि चाकं म्हणजे तो बंद पंखा. मध्ये वाऱ्याऐवजी तेल. याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. इंजिनचा आणि चाकांचा थेट संबंधच नाही, म्हणून क्लच लागत नाही." ही मूळ कल्पना फॉटिंगर नावाच्या एका जर्मन इंजिनिअरने १९०५ च्या सुमारास जहाजांसाठी काढली. पुढे जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिलमध्ये 'हायड्रामॅटिक' नावाचा गिअरबॉक्स बसवला आणि अमेरिकेच्या डाव्या पायाला कायमची रजा मिळाली.

दाजी बराच वेळ त्या दुसऱ्या पंख्याकडे बघत राहिले. मग त्यांनी त्याच्या पात्यावर बोट टेकवलं. पातं थांबलं. पहिला पंखा आपला फिरतोच आहे.

"म्हंजे वझं पडलं की ह्यो थांबणार, त्यो फिरत ऱ्हाणार. मग जोर जातो कुठं?"

"उष्णतेत," भाचा म्हणाला. "तेल तापतं."

"मंजे प्लेटीच जळत्यात की! आमच्यात त्याला हाफ क्लच म्हणायचे. नव्या डायवरला त्यासाठी आगारात शिव्या बसायच्या. तुमी त्याचं मशीन बनीवलं."

भाच्याने घाईघाईने सांगितलं की गाडीने वेग धरला की आतला एक छोटा क्लच दोन्ही पंख्यांना एकमेकांना घट्ट जोडतो, मग घसरगुंडी बंद. "म्हंजे क्लच हाय!" दाजी विजयाने ओरडले. "फकस्त तुज्या हातात दिला न्हाई."

ऑगस्टातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. पॅलिसेड नावाच्या गावचे पीच प्रसिद्ध आहेत, ते झाडाखाली उभं राहून खायचे असा बेत होता. रात्री झोपायला म्हणून भाड्याचा ट्रेलर पिकअपच्या मागे जोडला. चौरंगानंतर एकदम चार खाटा, शेगडी आणि संडास. गाडीला काय वाटलं असेल, ते तिने पुढे सांगितलंच.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे, बरोबर एक मैल. इथल्या राज्य विधानभवनाच्या पायरीवर तशी खूणही आहे. आपलं कळसूबाईचं शिखर साधारण ५,४०० फूट. म्हणजे ही माणसं आपल्या सर्वोच्च शिखराच्या उंचीवर घरं बांधून त्याला मैदान म्हणतात, आणि डोंगर तिथून पुढे सुरू होतो. इंटरस्टेट ७० या रस्त्याने पश्चिमेला निघालं की साठेक मैलांवर आयझेनहॉवर बोगदा येतो. पश्चिमेच्या तोंडाशी उंची ११,१५८ फूट. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी वर एखादं देऊळ बांधायला जागा उरेल.

आयडाहो स्प्रिंग्जपर्यंत सगळं ठीक होतं. ताईने दशम्या काढल्या. जॉर्जटाऊन गेलं आणि खरा चढ लागला. इथे पेटीने आपला स्वभाव दाखवायला सुरुवात केली. चौथ्यातून तिसऱ्यात आली. इंजिन ओरडलं. लगेच तिला वाटलं, उगाच आलो. परत चौथ्यात गेली. गाडी मेली. पुन्हा तिसऱ्यात. दिवाळीच्या खरेदीला साडीच्या दुकानात बसलेली बाई जशी दोन रंगांमध्ये अडकते, तसं पाच मैल चाललं होतं. दर बदलाला मागच्या ट्रेलरमधली भांडी वाजत होती आणि दर बदलाला दाजींचा डावा पाय खालच्या रबरी चटईवर आपटत होता.

"अरं, तिसऱ्यात घाल आन् ऱ्हाऊ दे!"

"अण्णा, ती आपली आपण ठरवते."

"ती ठरीवती तर तू कशाला बसलायस?"

यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते मोटार-उद्योगाकडेही नसावं.

मग वास आला. जळलेल्या दुधाचा आणि जळलेल्या टायरचा मधला वास. ताई म्हणाली, शेगडी बंद आहे ना? शेगडी बंद होती. एव्हाना समोर पिवळा दिवा लागला होता आणि बोगद्याचं तोंड आलं होतं, त्यामुळे थांबायला जागा नाही. पावणेदोन मैलांच्या त्या बोगद्याच्या मध्यावर पेटीने एकदाच 'धाड' असा आवाज केला आणि ती दुसऱ्या गिअरमध्ये जाऊन बसली. तिथून हलेना. भाचा पांढरा पडला. "लिंप मोड," तो म्हणाला. म्हणजे लंगडी. गडबड झाली की गाडीचा संगणक आणखी नुकसान होऊ नये म्हणून एकच गिअर धरून बसतो. कसंबसं गॅरेज गाठा, बाकी माझ्याकडून काही होणार नाही, असा त्याचा अर्थ.

बोगद्यातून बाहेर पडलो तर समोर सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार. आमची गाडी दुसऱ्यात, इंजिन गुरगुरतंय, वेग तीस-पस्तीस मैल, मागून येणारे सगळे हॉर्न मारून जातायत. आणि दाजी त्या सबंध प्रवासात पहिल्यांदा मागे रेलून निवांत बसले होते.

"आत्ता बराबर चालली. घाट चढायचा ज्या गिअरात, उतरायचा बी त्याच गिअरात. बिघडल्यावर तिला अक्कल आली."

त्याच उतारावर त्यांनी एक गोष्ट पाहिली आणि अमेरिकेबद्दलचं त्यांचं मत कायमचं बदललं. रस्त्याच्या कडेने वर डोंगरात चढत जाणारी, खडी भरलेली एक मोकळी वाट. ब्रेक गेलेल्या ट्रकने तिच्यात घुसायचं. चढ आणि खडी मिळून त्याला थांबवतात. आमच्या नातेवाइकांना पुढे त्यांनी ग्रँड कॅन्यनचं वर्णन केलं नाही, या खडीचं केलं. "ब्रेक गेलेल्या डायवरसाठी सरकारनं रस्ता बांधलाय, पावणं," ते मला म्हणाले. "आमच्याकडं ब्रेक गेला की डोंगराची बाजू बघायची आन् गाडी घासायची. तेवडीच सोय." नंतर बराच वेळ ते बोलले नाहीत.

सिल्व्हरथॉर्नजवळ एक गॅरेज सापडलं. मेकॅनिक साठीचा, कमरेला फडकं. १९९६ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक मोटारीत स्टिअरिंगखाली संगणकाला प्रश्न विचारायची एक खाच असते. त्याने तिच्यात यंत्र खुपसलं. यंत्र म्हणालं, पी०७००. आम्ही आशेने बघत होतो. पी०७०० चा अर्थ असा, की ट्रान्समिशनच्या संगणकाची काहीतरी तक्रार आहे, काय ते त्यालाच विचारा.

दाजींना हे भाषांतर करून सांगितलं. "चौकशीची खिडकी," ते म्हणाले. "पलीकडं इचारा."

पलीकडे विचारलं तर उत्तर आलं पी०७४०. तो मघाचा छोटा क्लच, त्याच्या विद्युतमंडलात दोष. मेकॅनिकने यंत्र बाजूला ठेवलं, इंजिन चालू ठेवूनच बॉनेटखालून तेलाची कांडी ओढली आणि नाकाशी नेली. हे तेल मुळात जास्वंदीसारखं लाल असतं, इंजिनच्या तेलापासून वेगळं ओळखू यावं म्हणून रंगवलेलं. आमचं काढ्यासारखं झालं होतं. मेकॅनिकने मान हलवली. दाजींनी हात पुढे केला. त्याने कांडी त्यांच्याकडे दिली. दाजींनी वास घेतला, तेल चिमटीत चोळलं, डोळे मिटले आणि हुबेहूब तशीच मान हलवली. त्या क्षणापासून त्या दोघांना आमची गरज उरली नाही. दाजींचं इंग्रजी 'गुड' आणि 'ओके' एवढंच, त्याचं मराठी त्याहून दोन शब्दांनी कमी; पण त्याने तळाचं पात्र उघडून लोहचुंबकावर जमलेला करडा चिखल दाखवला, तेव्हा दोघंही एखाद्या दूरच्या नातलगाच्या मयताला आल्यासारखे शेजारी शेजारी उभे राहिले.

त्यानेच भाच्याला सांगितलं, की एके काळी या तेलात देवमाशाची चरबी घालायचे, क्लच गुळगुळीत धरावा म्हणून. सत्तरच्या दशकात देवमाशांना संरक्षण मिळालं आणि कंपन्यांना दुसरं काहीतरी शोधावं लागलं. ताई हे ऐकून दशमीचा डबा घेऊन लांब जाऊन बसली. गाडीत काय काय असतं याचा तिला आधीच संशय होता.

ट्रेलर तिथेच सोडायचा, तेल-फिल्टर बदलायचं, पुढे एक जादा ऑइल कूलर बसवायचा असं ठरलं. रात्र मोटेलमध्ये गेली. नऊ हजार फुटांवर माझं डोकं दुखत होतं आणि भाचा उशाशी फोन घेऊन नव्या गिअरबॉक्सच्या किमती बघत होता. त्या गाडीच्या किमतीहून जास्त होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मेकॅनिकने किल्ली दिली आणि म्हणाला, "दुरुस्त झालीय असं मी म्हणणार नाही. तिला बरं वाटतंय." आधीच्या माणसाबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. दाजी म्हणाले, ह्यो खरा मेस्त्री.

पीच राहिले. आम्ही परत फिरलो. चढ निमूट चढली. बोगद्यापलीकडे उतार लागताच दाजी म्हणाले, "दोन लाव." भाच्याने पट्टीवरचा दांडा ओढून दोनवर आणला. "आता ब्रेकला हात लावू नगंस." भाच्याने पाय लावला नाही. घाटभर दाजी 'दोन', 'तीन', 'परत दोन' असं सांगत राहिले आणि आंबेनळीत उतरावी तशी गाडी उतरत राहिली. डेन्व्हरच्या अलीकडे एक पाटी आहे: ट्रकवाल्यांनो, अजून तुम्ही खाली पोचलेला नाही. दाजींनी ती वाचून घेतली आणि पाटी लिहिणाऱ्याला तिथूनच हात केला.

मग सपाटी आली. भाच्याने दांडा डीवर टाकला. वेग पन्नास मैल. कोणी बोलत नव्हतं, सगळे कान लावून बसलेले. आणि अचानक खालून थरथर सुरू झाली. घर्र घर्र घर्र. सगळी गाडी थरथरतेय, ताईच्या बांगड्या वाजतायत. भाच्याने डोळे मिटले. गाडी चालवताना मिटू नयेत, पण मिटले.

"अरं, पट्टी!" दाजी ओरडले. "कडंच्या पट्टीवर गेलायस!"

खरंच की. झोप लागलेल्या ड्रायव्हरला जागं करायला रस्त्याच्या कडेला डांबरात खाचा पाडलेल्या असतात, त्यांवर चाकं गेली होती. गिअरबॉक्सचा आवाज ऐकण्याच्या नादात भाचा रस्ता बघायचा विसरला होता. आम्ही चौघंही इतके हसलो की ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. भाच्याने हसत हसत गाडी अलगद पट्टीवरून आत घेतली.

चाकं गुळगुळीत डांबरावर आली.

घर्र घर्र घर्र.

हसणं एकेकाचं थांबत गेलं. दाजींचं सगळ्यात शेवटी. मग त्यांनी डावा पाय उचलला, आणि चटईवर अगदी हळूच दाबला.