बाटलीची तडीपारी

महाराष्ट्रात दारूबंदी आहे. हसू नका, कायद्याचं नावच तसं आहे: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. या कायद्याप्रमाणे दारू बाळगणं आणि पिणं हा मुळात गुन्हा. परवाना असेल तर सूट. आणि पिण्याचा परवाना मिळतो तो प्रकृतीच्या जपणुकीसाठी. म्हणजे शनिवारी रात्री परमिट रूमच्या मिणमिणत्या उजेडात बसलेली मंडळी गिऱ्हाइकं नव्हेत, पेशंट आहेत. समोरचे शेंगदाणे हे पथ्य. एका दिवसाच्या उपचाराला विदेशी मद्य असेल तर ५ रुपये, देशी असेल तर २ रुपये. वर्षाचा परवाना १०० रुपयांत, आजन्म परवाना १,००० रुपयांत. आजन्म म्हणजे किती वर्षं, ते ज्याच्या त्याच्या यकृतानं ठरवायचं. या आजारपणातून सरकारला वर्षाला २० हजार कोटींहून जास्त महसूल मिळतो. रयत इतकी आजारी आणि तिजोरी इतकी ठणठणीत, असं दुसरं खातं दाखवून द्या.

सरकारची अडचण आपण समजून घेतली पाहिजे. त्याला महसूलही हवा आणि पुण्यही हवं. एकाच जागी दोन्ही मिळत नाही, तेव्हा पोलिसांचा जुना तोडगा कामी येतो. गुंड सुधारत नसला की त्याला जिल्ह्यातून तडीपार करायचं. पुढचं पुढच्या जिल्ह्यानं बघावं. बाटलीचंही तेच केलं.

गांधीजींच्या वास्तव्यानं पावन झालेल्या वर्ध्यातून ती १९७५ साली तडीपार झाली. १९९३ मध्ये लोकांनी चळवळ करून तिला गडचिरोलीतून घालवलं. २०१५ मध्ये चंद्रपूरनंही दार लावून घेतलं. आता तीन जिल्हे सलग कोरडे झाले, पण जिल्ह्यांना नद्या असतात आणि नद्यांवर पूल असतात. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, तिथे सगळं रीतसर. चंद्रपूरची तडीपारी २०२१ मध्ये उठली. कारण काय, तर अवैध विक्री फार वाढली होती. हा न्याय पुढे नेला तर उद्या पाकीटमारांनाही परवाने द्यावे लागतील; पण त्यांच्याकडून उत्पादन शुल्क वसूल करणं जरा अवघड आहे, म्हणून तो धंदा अजून बेकायदा. आज वैनगंगेच्या चंद्रपूरकडच्या काठावर बाटली महसूल आहे आणि गडचिरोलीकडच्या काठावर मुद्देमाल. नदीला यातलं काही ठाऊक नाही.

त्याहून मोठी गंमत गुजरातची. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा १९४९ चा हा कायदा दोघांच्याही वाट्याला आला. गुजरातनं त्यातलं ‘बंदी’ मनावर घेतलं, आपण ‘परवाना’ मनावर घेतला. नंतर दोघांनीही त्याच्या नावातली मुंबई काढून आपापलं राज्य घातलं. त्या कायद्याचा खरा अभ्यास करायचा असेल तर नवापूर स्टेशनवर जावं. राज्याची हद्द तिथे फलाटावरून जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत, आणि एक बाकडं निम्मं इकडे, निम्मं तिकडे. परवानाधारक गृहस्थ सीलबंद बाटलीची पिशवी मांडीवर घेऊन त्या बाकड्याच्या महाराष्ट्राकडच्या टोकाला बसले, तर ते प्रकृती जपणारे सज्जन. कोणी बाई आल्या आणि हे अदबीनं जरा सरकले, की गुन्हेगार. कायदा तोच, बाटली तीच, चुकलं एवढंच की बाईंना जागा दिली.

पण गुजरातही अगदीच कर्मठ राहिलेला नाही. तिथेही डॉक्टरच्या शिफारशीवर परवाना मिळतो. शिवाय डिसेंबर २०२३ पासून गिफ्ट सिटीत, कंपन्यांतल्या नोकरदारांना आणि त्यांच्या अधिकृत पाहुण्यांना, ठरावीक ठिकाणी पिण्याची मुभा आहे. ही गिफ्ट सिटी आहे गांधीनगरला. वर्ध्यात गांधीजींसाठी बाटली हद्दपार आणि त्यांच्या नावाच्या नगरात परकीय गुंतवणुकीसाठी तिचं स्वागत. बापूंनी आता कुठे राहावं, हे दोन्ही सरकारांनी मिळून ठरवायला हरकत नाही.

दक्षिणेला सगळं उलटं. बांद्याजवळ इन्सुलीचा तपासणी नाका. गोव्याहून येणारी गाडी थांबते.

“पिशयेत काय आसा?”

“काजू आहेत, साहेब.”

“आणि त्याच्या खाली?”

“खालीही काजूच. जरा पातळ आहेत.”

गोव्याला फेणीचा अभिमान आहे. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तोच अभिमान पत्रादेवी ओलांडून इन्सुलीला आला की वर्तमानपत्रात ‘गोवा बनावटीची दारू, वाहनासह मुद्देमाल जप्त’ होतो. गोव्यातून वारंवार बाटल्या आणणाऱ्यांना मोक्का लावण्याची भाषा आपल्या सरकारनं २०२२ मध्ये केली होती. संघटित गुन्हेगारी म्हणजे आपल्याकडचा कर न भरता बाटली आणणं, अशी ही सुटसुटीत व्याख्या.

वयाचंही तसंच. गोव्यात २१ पूर्ण झाली की फेणीपासून व्हिस्कीपर्यंत सगळं खुलं. महाराष्ट्रात २१ ला बिअर आणि वाईन, कडक काही हवं तर २५. मुलाला लग्न मात्र २१ लाच करता येतं. चार वर्षं संसार करून बघा, मग कडक औषधाची गरज पटली तर या, असा शासनाचा वडीलकीचा सल्ला दिसतो.

मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत. हा आदेश एप्रिल २०१७ पासून लागू झाला. एरवी खड्डा बुजवायला मुहूर्त न सापडणाऱ्या यंत्रणा किती चपळ असतात, ते तेव्हा दिसलं. ठिकठिकाणी दुकानं हलवण्याऐवजी रस्त्याचीच पदावनती झाली: काल राज्यमार्ग होता, आज पालिकेचा रस्ता. केरळात एका बारवाल्यानं दारापुढे भुलभुलैयासारखी वाट बांधून पायी अंतर वाढवलं. बार तिथेच राहिला. आत जाताना लोक झोकांड्या खाऊ लागले, एवढाच फरक.

या सगळ्या कागदी कारभारात महाराष्ट्रानं एक गोष्ट मात्र खरोखर लोकशाहीची केली आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के बायकांनी अर्ज दिला की दुकान राहावं की जावं यावर गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली, आडवी बाटली. आडवी जिंकायला यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. नुसत्या मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, एकूण. पुण्याला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, यादीतच राहून गेलेली मयत, सगळ्या त्यात धरल्या. एवढ्या मतांची अट आमदारकीला लावली असती तर विधानसभेत कोरमसुद्धा झाला नसता. ज्याला आमदार व्हायचं त्याला झालेल्या मतांपैकी तिघांत एक पुरतं. ज्या बाईला दारापुढचं दुकान हलवायचं तिला सगळं गाव बाहेर काढावं लागतं.

तरी बायका ते करतात. कामाचा दिवस बुडवून रांगेत उभ्या राहतात, शिक्का मारतात, बाटली आडवी करतात. गुलाल उधळला जातो, फोटो छापून येतो. संध्याकाळी गावचा गडी शेजारच्या गावात जातो, जिथे बाटली कायद्यानं उभी आहे, आणि स्वतः आडवा होतो. शासनाच्या दोन्ही वह्या बरोबर जुळतात: या गावात पुण्य जमा, त्या गावात महसूल जमा. त्याला उचलून हद्द ओलांडून घरी आणायचं काम राहतं, ते मात्र शिक्का मारणारीच्याच खाती पडतं.